डबीवरचा नंबर आणि लॉगबुकातली सही

माझे मामा विमानांचे मेकॅनिक. मोठ्या जेट विमानांशी त्यांचा संबंध नव्हता. फ्लाइंग क्लबांत विद्यार्थी ज्यांवर हात बसवतात त्या सेसनासारख्या एका पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांवर त्यांचं आयुष्य गेलं. लायसन्सधारी एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंता, म्हणून ते निवृत्त झाले. माझी ताई चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. गेल्या भाऊबीजेला मामा आईकडे आले, तेव्हा ताईसाठी त्यांनी एक जुना अल्टरनेटर आणला. सत्तरच्या दशकातल्या एका सेसना 172 वरून उतरवलेला, मोडीत काढलेला. ताईनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि ओवाळणीचं तबक बाजूला ठेवायच्या आतच वाद सुरू झाला. मी शेजारी बसून ऐकत होतो. छोट्या विमानाच्या इंजिनात मोटारीचे भाग बसवावेत का, हा प्रश्न वरवर मूठभर लोकांचा वाटतो. ऐकता ऐकता मला तो तसा वाटेनासा झाला, म्हणून दोघांच्या परवानगीनं ते बोलणं इथे मांडतो आहे.

ताई : मामा, हा तर सरळसरळ गाडीचा अल्टरनेटर आहे. घडण बघा, ब्रश बघा. फोर्डचा ना?

मामा : फोर्डचाच. त्या काळी सेसनाच्या कितीतरी विमानांवर फोर्डच्या घडणीचा अल्टरनेटर असायचा. पायपरच्या चेरोकीवर क्रायस्लरचा.

ताई : म्हणजे गाडीचा भाग विमानात चालतो, हे तुमच्या धंद्यानं पन्नास वर्षांपूर्वीच मान्य केलंय. मग तोच भाग विमानासाठी मागितला की किंमत कित्येक पट का होते? तांबं तेच, लोखंड तेच, बेअरिंग तेच.

मामा : धातू तोच असतो, कबूल. काही वेळा तर भागही अक्षरशः तोच असतो. जास्तीचे पैसे जातात ते त्याच्यामागे उभं राहणाऱ्या माणसाचे. हा भाग अमुक मंजूर नकाशाप्रमाणे बनला, अमुक दिवशी तपासला, असं कुणीतरी सही करून लिहून दिलेलं असतं. आपल्याकडे त्याला सीए फॉर्म 1 म्हणतात. तो कागद सोबत नसेल तर भाग सोन्याचा असला तरी मी विमानाला लावणार नाही.

ताई : कागदाची किंमत इतकी?

मामा : संख्याही बघ ना. आपल्या देशात वर्षाला गाड्या किती विकल्या जातात?

ताई : प्रवासी गाड्याच चाळीस लाखांच्या वर.

मामा : आणि पिस्टन इंजिनाची नवी विमानं सगळ्या जगात मिळून वर्षाला दोन हजारही होत नाहीत. तपासणीचा, मंजुरीचा खर्च तुम्ही लाखो नगांवर वाटता, इथे तो काही शे नगांवर पडतो. त्यात कोर्टाची भीती. अमेरिकेत नुकसानभरपाईच्या दाव्यांनी उत्पादक इतके टेकीला आले की 1986 साली सेसनानं पिस्टन विमानं बनवणंच बंद केलं. 1994 साली कायदा झाला, छोट्या विमानाला अठरा वर्षं उलटून गेल्यावर उत्पादकावर सहसा दावा लावता येणार नाही असा. त्यानंतर कारखाना पुन्हा सुरू झाला. प्रत्येक नटबोल्टच्या किमतीत त्या दाव्यांच्या विम्याचा वाटा असतो.

ताई : मग ही किंमत सुरक्षिततेची नाही, वकिलांची आहे.

मामा : थोडी वकिलांची आहे, खरं आहे. पण आता हाच अल्टरनेटर घे. तुमच्या आजच्या गाडीच्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर कुठे असतो?

ताई : आतच, मागच्या बाजूला. तोच व्होल्टेज सांभाळतो.

मामा : ह्याला तो आत नाही. विमानात रेग्युलेटर वेगळा बसवलेला असतो. सेसनाच्या पॅनलवर दोन भागांचा मास्टर स्विच असतो, एक भाग बॅटरीचा, एक अल्टरनेटरचा. रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज चढायला लागलं तर वैमानिक अल्टरनेटरचा भाग बंद करतो. फील्डचा प्रवाह तुटतो, अल्टरनेटर गप्प. तुमचा आतल्या रेग्युलेटरचा अल्टरनेटर एकदा सुरू झाला की बाहेरून तसा बंद होईलच याची खात्री नाही. गाडीत वास आला तर तू कडेला थांबतेस. वर ढगात रेडिओ जळायला लागला तर कुठे थांबणार?

ताई : हा मुद्दा मान्य. पण हा अल्टरनेटरच्या दर्जाचा दोष नाही, जोडणीचा आहे.

मामा : तेच तर. भाग चांगला की वाईट, असा नुसता प्रश्न विचारता येत नाही. तो कुठे बसतो आणि बिघडला तर काय होतं, हे विचारावं लागतं. हाच अल्टरनेटर लायकमिंग इंजिनावर पुढून पट्ट्यानं फिरतो. जाम झाला तर पट्टा तुटेल, बॅटरीवर घरी याल. कॉन्टिनेंटलच्या काही इंजिनांवर अल्टरनेटर गिअरनं फिरतो. तिथे तो जाम झाला आणि मधलं कपलिंग वेळेवर सुटलं नाही, तर तुकडे इंजिनाच्या पोटात जातात. काम एकच, जागा बदलली की परिणाम बदलतो.

ताई : बरं, मग इंजिनाकडेच येते. गाडीची इंजिनं नाजूक आणि विमानाची दणकट, असं तुमच्या पिढीत सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. आम्ही नवीन इंजिन बाजारात आणण्यापूर्वी टेस्ट बेडवर शेकडो तास पूर्ण लोडवर पळवतो. थंड करतो, तापवतो, परत पळवतो. विमान इंजिनाच्या मंजुरीची सहनशक्ती चाचणी किती तासांची?

मामा : 150 तासांची. त्यातला मोठा भाग पूर्ण ताकदीवर किंवा तिच्या जवळपास.

ताई : मग? आमचं इंजिन त्याहून जास्त सोसतं.

मामा : सोसत असेल, मी नाकारत नाही. पण रोजची सवय बघ. खंबाटकी घाट चढताना तू गाडीची पूर्ण ताकद किती वेळ वापरतेस? माथ्यावर पोचलीस की पाय उचलतेस. सपाट रस्त्यावर इंजिनाच्या ताकदीचा लहानसा वाटाच खर्च होतो. सेसना 152 चं लायकमिंग उड्डाणाला पूर्ण 110 अश्वशक्ती देतं, नंतर तासन्‌तास 65 ते 75 टक्क्यांवर चालतं. तेही मिनिटाला फक्त 2550 फेऱ्यांच्या मर्यादेत, कारण पंखा थेट क्रँकशाफ्टवर बसलाय. पंखा जास्त वेगानं फिरवला तर त्याची टोकं आवाजाच्या वेगाजवळ जातात आणि ओढ कमी होते. गाडीचं इंजिन ताकद देतं ती 5000-6000 फेऱ्यांवर. म्हणून मध्ये गिअरबॉक्स घालावा लागतो, आणि घोळ तिथून सुरू होतो.

ताई : गिअरबॉक्स बनवायला आम्हाला येतो, मामा.

मामा : गाडीचा येतो. गाडीत इंजिनापुढे क्लच असतो, टायर असतात, रबराची माउंटिंग असतात, ते सगळं धक्के पोटात घेतं. पंखा काहीच पोटात घेत नाही. इंजिनाच्या प्रत्येक स्फोटाचा झटका पंख्याच्या पात्यांपर्यंत जातो आणि परत येतो. शिवाय फिरता भोवरा तिरका केला की तो आडवा जोर करतो ना, तसा विमानानं नाक वर-खाली केलं की पंखा क्रँकशाफ्टला वाकवू पाहतो. शेवरोलेची कॉर्वेअर नावाची गाडी होती, 1960 च्या दशकातली. तिचं सहा सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं इंजिन हौशी विमान बांधणाऱ्यांना फार आवडलं. वर्षानुवर्षं चांगलं चाललं. मग लोक वेगवान विमानांना ते लावू लागले आणि क्रँकशाफ्टला तडे जाऊ लागले, काही तुटल्याही.

ताई : आणि लोकांनी ते इंजिन सोडून दिलं?

मामा : नाही. क्रँकशाफ्टचा पृष्ठभाग नायट्रायडिंग करून कठीण केला. पंख्याच्या बाजूला आणखी एक बेअरिंग बसवलं, पाचवं. पंख्याचा वाकवणारा भार त्या बेअरिंगनं घेतला.

ताई : मग ही गोष्ट तुम्ही माझ्या बाजूनं सांगितलीत. चूक सापडली, कारण शोधलं, दुरुस्ती केली. अभियांत्रिकी यालाच म्हणतात. तुमची मंजूर इंजिनं अजून दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या आराखड्यांवर चालतात. मॅग्नेटो, हातानं मिश्रण कमी-जास्त करायचं कार्बोरेटर, शिशाचं पेट्रोल! आमच्या गाड्यांनी हे कधीच मागे टाकलं. कुठलाच नवा भाग आत घेतला नाही, म्हणून तुमचं क्षेत्र तिथेच राहिलं.

मामा : टोचलंस, पण खोटं नाही.

ताई : आणि इतिहास तर माझ्याच बाजूचा आहे. बर्नार्ड पीटेनपोल मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या छोट्या गावातला गॅरेजवाला. 1929 साली त्यानं फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन स्वतः बांधलेल्या लाकडी विमानाला लावून उडवलं. गाडीच्या इंजिनावर विमान उडत नाही, असं एका मासिकाचा संपादक ठामपणे म्हणत होता. 1930 साली पीटेनपोलनं विमानं नेऊन त्याच्यापुढे उतरवली. त्या आराखड्यावरून लोक आजही एअर कॅम्पर बांधतात.

मामा : पीटेनपोलला माझा नमस्कार आहे. आता त्याच्या आधीची गोष्ट मी सांगतो. राइट बंधूंनी 1903 च्या विमानासाठी आधी मोटार कंपन्यांनाच पत्रं लिहिली होती. हवं तसं हलकं इंजिन कुणीच देईना. शेवटी त्यांच्या सायकल दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या कारागिरानं सहा आठवड्यांत ते घडवलं, 12 अश्वशक्तीचं, ॲल्युमिनियमच्या केसचं. आम्हा मेकॅनिकांचा तो आद्यपुरुष. टेलर काय, पीटेनपोल काय, दोघांनाही आपल्या इंजिनातला प्रत्येक स्क्रू ठाऊक होता. पीटेनपोल स्वतःच्या इंजिनामागे स्वतः बसला. तू म्हणतेस ते भाग ज्या विमानात लागतील, त्यात अठरा वर्षांचं पोर पहिल्यांदा एकटं उडणार आहे. त्याच्या आईबापांनी त्या इंजिनाबद्दल कुणाला विचारायचं?

(इथे ताई थोडा वेळ गप्प राहिली. आईनं चकलीची ताटली पुढे सरकवली. मग ताईनं दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली.)

ताई : रोटॅक्सबद्दल बोलू या. ऑस्ट्रियाचं हे इंजिन आज हलक्या विमानांत सगळीकडे आहे. बंगळूरच्या एनएएल या संशोधन संस्थेनं बनवलेल्या हंसा विमानातही रोटॅक्सच आहे. त्याच्या 912 मॉडेलचे स्पार्क प्लग एनजीकेचे, मोटारसायकलच्या जातीचे. कार्बोरेटर बिंगचं, जुन्या बीएमडब्ल्यू मोटारसायकलींवर होतं त्या घराण्यातलं. सिलिंडर हेड पाण्यानं थंड होतात, 5800 फेऱ्या, मध्ये गिअरबॉक्स. म्हणजे तुम्ही मघाशी ज्याला घोळ म्हणालात ते सगळं त्यात आहे, आणि तरी ते 2000 तास चालतं. आणखी पुढे. 912 यूएलएस आणि 912 एस ही दोन इंजिनं घडणीनं जवळजवळ एकसारखी. एक बिनमंजुरीचं, एक मंजुरीचं, दुसऱ्याची किंमत जास्त. यात धातूचा फरक कुठाय?

मामा : फरक नाहीच. कागदाचा आहे, म्हणजे जबाबदारीचा. पण रोटॅक्सनं काय केलं ते बघ. त्यांनी प्लग बाजारातून आणला आणि बसवला, एवढंच नाही. या इंजिनाला हाच प्लग, हे तेल, एवढ्या तासांनी बदला, रबराचे सगळे भाग दर पाच वर्षांनी काढून टाका, असं पुस्तकात लिहून त्याखाली स्वतःचं नाव घातलं. गाडीच्या जातीचा भाग त्यांनी दत्तक घेतला. तेलाचंच उदाहरण घे. गाडीचं तेल लायकमिंगला घातलं तर?

ताई : डिटर्जंट असतं त्यात, उलट इंजिन स्वच्छ राहील.

मामा : गाडीच्या तेलातली बरीच रसायनं धातूच्या क्षारांची असतात, जळल्यावर राख ठेवतात. हवेनं थंड होणाऱ्या मोठ्या इंजिनात फटी सैल ठेवलेल्या, तेल थोडं जळतंच. ती राख ज्वलनकक्षात साचते, लालबुंद होते आणि प्लगच्या ठिणगीआधीच मिश्रण पेटवते. पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. म्हणून लायकमिंगला राख न ठेवणारं तेल लागतं. रोटॅक्समध्ये इंजिनाचं तेलच गिअरबॉक्सला आणि क्लचला पुरतं, म्हणून त्याला मोटारसायकलच्या जातीचं तेल लागतं. लायकमिंगचं तेल रोटॅक्सला घालशील तर गिअर खराब करशील. एकाला जे औषध ते दुसऱ्याला विष.

ताई : म्हणजे गाडीचं की विमानाचं, हा प्रश्नच चुकीचा आहे.

मामा : अगदी. कोणत्या इंजिनासाठी कुणी तपासलं, हा प्रश्न. पेट्रोलचीही तीच कथा. 1982 साली अमेरिकेतल्या ईएए या हौशी वैमानिकांच्या संघटनेनं सेसना 150 साठी मोटारीच्या पेट्रोलची मंजुरी मिळवली. चाचण्या करून, रीतसर. अट एकच होती, त्यात इथेनॉल नको. आता आपल्या पंपावर काय मिळतं?

ताई : ई-20. वीस टक्के इथेनॉल.

मामा : आणि रोटॅक्स परवानगी देतं दहा टक्क्यांपर्यंत. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या सील आणि टाक्यांच्या अस्तराला खातं. पंप तोच, पाटी तीच ‘पेट्रोल’, आतला माल बदलला. बदल गाड्यांसाठी विचार करून केला असेल, पण विमानाला कळवायची जबाबदारी कुणावरच नव्हती. बाजारातल्या भागाचंही तसंच होतं. डबीवरचा नंबर तोच राहतो, आतलं रबर बदलतं.

ताई : माझ्या कंपनीत असं होत नाही. कच्च्या मालात बदल करायचा तर ग्राहक कंपनीची लेखी मंजुरी घ्यावी लागते, नमुने द्यावे लागतात.

मामा : तुझी ग्राहक कंपनी कोण? गाडी बनवणारी. तिला विचारून तू बदल करतेस. त्या रबराची नळी कुणीतरी पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानातून आणून विमानाला लावली आहे, हे तुला कळणार कसं? तू प्रामाणिक असूनही तुझ्या बदलाचा कागद त्या विमानापर्यंत पोचत नाही.

ताई : हे मात्र मी कधी अशा रीतीनं पाहिलं नव्हतं.

मामा : दुरुस्तीचा निरोपही पोचत नाही. विमानाच्या मंजूर भागात दोष सापडला तर एडी निघते, एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह. अमुक नंबरापासून अमुक नंबरापर्यंतचे भाग, इतक्या तासांच्या आत तपासा. लॉगबुक उघडलं की कळतं, आपल्याकडे तो आहे की नाही. तुमच्याकडे गाडी परत बोलावतात ती चॅसिस नंबरावरून. विमानात बसलेल्या नळीला चॅसिस नंबर नसतो. मी एक विमान वार्षिक तपासणीला घेतलं होतं, एका खासगी मालकाचं. फायरवॉलपासून कार्बोरेटरपर्यंतची इंधनाची नळी बदललेली दिसली. गाडीची नळी, दोन्ही टोकांना गाडीचे क्लिप. लॉगबुकात अक्षर नाही. बाहेरून नळी नवी करकरीत. मी गाळणी उघडली तर तळाला काळे बारीक कण. नळीचं आतलं अस्तर सुटायला लागलं होतं. आणखी काही तास उडतं तर ते कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसले असते.

ताई : मालकाचं काय म्हणणं?

मामा : ‘माझ्या गाडीला हीच आहे, पाच वर्षं काही झालं नाही.’ खरं बोलत होता बिचारा. पण गाडीत ती नळी पेटली तर माणूस दार उघडून पळतो. विमानाच्या इंजिनाकडच्या इंधनाच्या नळीवर आगरोधक वेष्टण असतं. 1100 अंश सेल्सियसच्या जवळपासच्या ज्वाळेत तिनं निदान पाच मिनिटं टिकायला हवं, असा नियम आहे. इंधन बंद करून खाली शेत शोधायला वैमानिकाला ती मिनिटं हवी असतात. नळीची जास्तीची किंमत त्या मिनिटांची आहे.

ताई : आता मी एक उदाहरण देते, माझ्याच विरुद्धचं. जर्मनीच्या थिलर्ट कंपनीनं मर्सिडीझ ए-क्लास गाडीच्या डिझेल इंजिनावरून विमानाचं इंजिन बनवलं आणि रीतसर मंजुरीही मिळवली. 2007 साली स्पेयर इथे असं जोडइंजिनाचं विमान उड्डाणाला निघालं. त्याची बॅटरी उतरलेली होती, इंजिनं बाहेरच्या विजेवर सुरू केली होती. उड्डाणानंतर चाकं आत घ्यायला स्विच दाबला, मोटरनं वीज ओढली, व्होल्टेज क्षणभर खाली गेलं आणि दोन्ही इंजिनांचे कंप्युटर एकदम रिसेट झाले. दोन्ही पंखे थांबले. विमान शेतात उतरवावं लागलं; माणसं वाचली. इंजिनाचा एकही भाग मोडला नव्हता. नंतर त्या कंप्युटरांना वेगळी राखीव बॅटरी द्यायचा आदेश निघाला.

मामा : आणि मॅग्नेटो जुना म्हणून तू मघाशी नावं ठेवलीस. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोन वेगळे मॅग्नेटो, बॅटरीशी संबंध नाही. वीज पूर्ण गेली तरी इंजिन चालत राहतं.

ताई : म्हणून तर सांगितलं. आम्ही प्रत्येक भागाचं एफएमईए करतो. तो कसा बिघडेल, बिघडल्यावर काय होईल, याचा तक्ता. आमच्या तक्त्यात इंजिन बंद पडण्याच्या रकान्यात ‘गाडी रस्त्याच्या कडेला थांबते’ असं गृहीत असतं. तो तक्ता विमानाला चालत नाही. भाग तोच ठेवून तक्ता पुन्हा पहिल्यापासून भरावा लागेल.

मामा : ही पद्धत मुळात अमेरिकन लष्करातून आली, ठाऊक आहे ना? 1949 साली तिची पहिली पुस्तिका निघाली. विमान-क्षेत्रानं ती घेतली, मोटारवाल्यांनी फार नंतर. आणि लाखो नगांवर चालवून तिला जी धार तुम्ही लावलीत ती आम्हाला जमली नाही, हेही सांगतो. दहा लाखांत किती नग खराब निघाले हे तुम्ही मोजता. आमच्या छोट्या कारखान्यांत इतके नगच बनत नाहीत.

ताई : मग मामा, मंजूर भाग परवडत नाही म्हणून लोक काय करतात? तुमचा तो नळीवाला मालक काही गुन्हेगार नव्हता. योग्य नळीची किंमत, ती परदेशातून यायला लागणारे आठवडे, तोवर जमिनीवर उभं विमान. त्यानं लपवून लावली, कारण उघडपणे विचारायला जागाच नव्हती. वाट अवघड केली की माणसं आडवाटेनं जातात.

मामा : (बऱ्याच वेळानं) हो. आयुष्यभर मी पाहिलंय ते. विमान उभं राहतं, मालकाचा रोज फोन येतो, आणि एखादा तरुण मेकॅनिक शेवटी मान डोलावतो. चूक त्याचीच असते, पण त्याला त्या कोपऱ्यात ढकलणारे आपणही असतो. अमेरिकेत एफएए या विमान नियामक संस्थेनं अलीकडे एक वाट काढली आहे. 1980 च्या आधी मंजूर झालेल्या जुन्या छोट्या विमानांसाठी बाजारातला भाग वापरता येतो. अट ही की तो बिघडला तरी विमान सुखरूप उडत राहून उतरलं पाहिजे, आणि अर्ज करून, कागदावर आणून मंजुरी घेतली पाहिजे. अशी मोजकी, उघडी वाट आपल्याकडेही हवी, असं मला वाटतं. निवृत्त होईपर्यंत मी हे मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

ताई : आणि मीही एक मान्य करते. ‘तोच तर भाग आहे’ हे वाक्य मी परत वापरणार नाही. तोच आहे हे मला माझ्या कारखान्याच्या दारापर्यंत सांगता येतं. दाराबाहेर नकली माल किती आहे हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक?

मामा : नकली मालाची किंमत विमानांनी मोजली आहे. 1989 साली नॉर्वेहून जर्मनीला जाणारं एक कॉन्व्हेअर विमान समुद्रात कोसळलं, 55 माणसं गेली. त्याच्या शेपटीतले बोल्ट निकृष्ट, नकली निघाले. ते गाडीचे नव्हते, विमानाचे म्हणूनच विकलेले होते. त्यामुळे डबीवर ‘विमान’ छापलंय एवढ्यानं माझंही समाधान होत नाही. डबी कुठून कुठे आली, याची साखळी लागते.

ताई : मग आपलं ठरलं काय?

मामा : तू लिहिणारी, तूच सांग.

ताईनं वहीत चार प्रश्न लिहिले आणि मामांनी त्यांतला एकेक शब्द तपासला. हा भाग बिघडला तर विमान उडत राहील का? या इंजिनावर, या जागी तो कुणी तपासला आहे का? उद्या त्यात दोष सापडला तर तो निरोप या विमानापर्यंत पोचेल का? आणि तो बसवल्याचं लॉगबुकात लिहून खाली सही करायची माझी तयारी आहे का? चारही उत्तरं ‘हो’ असतील, आणि मंजुरी देणाऱ्यानंही ती तपासून मान्य केली असतील, तर भाग गाडीचा आहे म्हणून तो नाकारू नये, असं मामा म्हणाले. एकही उत्तर ‘नाही’ असेल तर तो विमानाचा आहे म्हणून बसवू नये, असं ताई म्हणाली.

मला त्या दोघांचं म्हणणं पूर्ण पटलं आहे. फ्लाइंग क्लब चालवणाऱ्यांना, छोटी विमानं बाळगणाऱ्यांना आणि हातात नुकतंच लायसन्स आलेल्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे. भाग महाग पडतो म्हणून भांडा, नियम बदलावा म्हणून अर्ज करा, मोटारवाल्यांचं कौशल्य आपल्या धंद्यात आणा. पण जे बसवाल ते लिहून बसवा. लपवलेल्या भागाबद्दल इशारा निघाला तरी तो त्या विमानापर्यंत पोचत नाही, आणि त्या दिवशी त्या विमानात कुणाचं तरी मूल एकटं उडत असतं.